जुन्या मनुष्याचे बिऱ्हाड

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत झालेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी आतापर्यंत जी भाषणे झाली त्यांत आपल्या मंदिराचा पाया, छप्पर, घंटा व शाळेच्या खोल्या यांचे वर्णन यथास्थित झाले आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या कामावर डोक्यावरून घमेली वाहिली त्यांपैकी दोघे-तिघे वृद्ध पुढील रांगेत बसलेले पाहून आम्हांस जो आनंद होत आहे तो शब्दांनी सांगता येण्याजोगा नाही. तेव्हा विटांचा हिशेब आम्ही पुन्हा मांडीत नाही. फादरांनी आम्हांस बोलावून, "मास्तर, बाहेरचा इतिहास पुष्कळ जण सांगतील, तुम्ही आतले काही सांगा," अशी आज्ञा केली. प्रथम आम्ही नाहीच म्हटले. बाहेरचे सांगावयास कागदपत्रे असतात. आतले सांगावयाचे म्हणजे स्वतःच्या घराची झडती घ्यावी लागते, आणि ते काम कोणास आवडते? परंतु आज्ञा मोडवली नाही, म्हणून उभे आहो.

महोत्सवासाठी मंदिराच्या भिंतींस नवा रंग दिला हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. त्यातील एक गोष्ट मात्र थोड्यांनीच पाहिली असेल. रंग लावण्याचे काम तीन दिवसांत आटोपले. त्याआधी जुने पोपडे खरवडण्यास आठ दिवस लागले. आम्ही रोज सकाळी तेथे जाऊन बसत असू. मंडपाच्या खर्चाची चिंता असलेल्या आमच्यासारख्या काही जणांनी रंगाऱ्यास म्हटलेही की, वरून हात फिरवून टाक, कोण पाहतो? त्याने आमच्याकडे पाहिले, काही उत्तर दिले नाही, आणि खरवडणे चालू ठेवले. आमचे आजचे भाषण त्या आठ दिवसांविषयी आहे.

संत पौलाने इफिस येथील व कलस्सै येथील मंडळीस जी पत्रे लिहिली त्यांत जुना मनुष्य उतरवून ठेवावा आणि नवा अंगावर घालावा असा उपदेश केला आहे. दृष्टान्त वस्त्राचा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण लेकराच्या अंगावर जे शुभ्र वस्त्र घालतो त्याचाही अभिप्राय हाच. परंतु वस्त्राचा दृष्टान्त ऐकून आपला एक सोयीचा गैरसमज होतो. सदरा बदलावयास कितीसा वेळ लागतो? आपण समजतो की, आपला, किंवा आपल्या वडिलांचा, अथवा आजोबांचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी जुना मनुष्य खुंटीला टांगला गेला आणि प्रकरण मिटले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पौलाने हा उपदेश ज्यांना केला त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. पाण्यातून वर आलेल्या लोकांसच तो सांगत आहे की, बाबांनो, जुना अजून अंगावर आहे.

आपल्या भाषेत एखाद्याचे रूप पालटले म्हणजे त्याने कात टाकली असे म्हणतात. शब्दप्रयोग सुंदर आहे. पण धुऱ्यावर पडलेली कात ज्याने पाहिली आहे त्यास ठाऊक असते की, कात टाकून गेलेला प्राणी सापच असतो, आणि पूर्वीपेक्षा अधिक तजेलदार व चपळ असतो. धर्म पालटला, नाव पालटले, गळ्यात क्रूस आला, आणि आतला जीव तोच राहिला, तर ती कात टाकणे झाले. आपल्या प्रभूने निकदेमास रात्रीच्या भेटीत जे सांगितले ते पुन्हा जन्मण्याविषयी होते, आणि तो विद्वान वृद्ध गृहस्थ गोंधळून गेला, यात नवल ते काय?

आपल्या यवतमाळच्या काळ्या जमिनीत कापूस पेरणाऱ्यास याहून जवळचा दृष्टान्त हवा असेल तर तो कुंद्याचा आहे. वखराची पास फिरली की शेत कसे स्वच्छ दिसते! एकही हिरवी काडी उभी राहत नाही. पुढे मृगाच्या दोन सरी पडल्या की आठ दिवसांत पऱ्हाटीच्या आधी कुंदा वर येतो, कारण पास फिरली ती वरच्या चार बोटांत, आणि त्याची मुळी खाली हातभर खोल. ती खणूनच काढावी लागते, आणि खणतांना तुटलेला तुकडा मातीत राहिला तर तोही फुटतो. वखरणीचा दिवस सर्वांना आवडतो. खणण्याचे दिवस कोणास आवडत नाहीत. मजुरी द्यावी लागते आणि शेत काही दिवस उकिरड्यासारखे दिसते.

बरे, या जुन्या मनुष्याचे बिऱ्हाड असते कोठे? व्यासपीठावरून या विषयावर बोलणारे बहुधा दारू, जुगार, शिवीगाळ यांची नावे घेतात. ती पापे आहेत आणि त्यांनी आपल्यातील कित्येक घरे उघड्यावर आणली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दारू पिणाऱ्यास आपण दारू पितो हे माहीत असते. जुना मनुष्य फार शहाणा आहे. तो अशा उघड्या जागी एकटा राहत नाही. आपल्यातील जो गुण आपणांस सर्वांत प्रिय, ज्याविषयी आपली मनोमन खात्री असते की यात तरी आपले काही चुकत नाही, तेथे तो घर करतो. हे म्हणणे आमच्या पदरचे आहे, धर्मशास्त्राचे नव्हे. म्हणून तीन-चार माणसांची उदाहरणे देऊन ते पटते का पाहू.

पहिले उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेबाहेरचे आहे. नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ही प्रॉटेस्टंट पंथाची मंडळी. परंतु मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाने त्यांच्यापासून शिकण्यास संकोच बाळगावा असे आम्हांस वाटत नाही. शिवाय टिळकांचा आपल्या विदर्भाशी निकटचा संबंध आहे. ते नागपुरास काही काळ होते, आणि नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, तेथून त्यांचा नवा मार्ग सुरू झाला. १८९५ साली फेब्रुवारीच्या दहा तारखेस मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व वृत्तान्त प्रसिद्ध आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते लक्ष्मीबाईंविषयी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. सगळे घर त्या धुण्याखाली दडपून गेलेले. अशा घरातील मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. चार-पाच वर्षे ती त्याच्यापासून दूर राहिली, रडली, आजारी पडली. शेवटी नवऱ्यावरील प्रेम जिंकले आणि ती त्याच्याकडे आली. पण आली ती आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. एका छपराखाली दोन चुली! ही गोष्ट आज हसण्यावारी नेऊ नये. त्या बाईस पाणी म्हणजे केवळ पाणी नव्हते. आई-बापांनी तिला जे चांगले म्हणून शिकविले, ज्याच्या बळावर ती आपणांस शुद्ध समजत होती, ते सर्व त्या घागरीत होते. तिच्या ठिकाणी कोणी दुर्गुण शोधीत बसता तर त्यास काही सापडले नसते. जुना मनुष्य बसला होता तो त्या घागरीत.

मग एके रात्री तिला झोप येईना. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाने तिला पछाडले. देवाने केल्या असत्या तर माणसांच्या घडणीतच काही फरक दिसला असता, जन्ममरण वेगळे असते. तसे काही नाही, तेव्हा हे माणसाचे काम, असा तिच्या सरळ बुद्धीने निकाल दिला, आणि आपण यापुढे कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ असे तिने ठरविले. तोपर्यंत तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो झाला १९०० साली. म्हणजे आतली घागर आधी फुटली आणि मस्तकावर पाणी नंतर पडले. हे सर्व तिने आपल्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात सांगितले आहे, आणि ते इतक्या हसतमुखाने लिहिले आहे की, आपण किती मोठे सांगत आहो याचा तिला पत्ताच नाही असे वाचणाऱ्यास वाटावे. ज्यांच्या घरी ते पुस्तक नाही त्यांनी घ्यावे. शाळेच्या कपाटात एक प्रत होती, ती कोणी तरी वाचावयास नेली ती परत आलेली नाही.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत क्रम उलटा झाला. संस्कृत विद्येसाठी १८७८ साली कलकत्त्यास 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळविलेली ही स्त्री. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे तिने मुंबईस शारदा सदन काढले, ते पुण्यास नेले, विधवा मुलींची माय झाली. बाहेरून पाहणाऱ्यास काय उणे दिसणार? परंतु तिने स्वतःच पुढे १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी तिच्या ध्यानात आले, आपणांस धर्म सापडला, पण त्या धर्माचा धनी अजून सापडला नाही. आठ वर्षे! एवढ्या बुद्धिमान बाईस. आम्हांस तर असे वाटते की, बुद्धिमान होती म्हणूनच वेळ लागला. वाद करून, तपासून, पटवून घेऊन धर्म स्वीकारण्याची तिची शक्ती हाच तिचा अलंकार होता, आणि तो उतरविल्यावाचून आत प्रवेश नव्हता. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई आपल्या शेजारच्या मध्यप्रांतात हिंडून उपाशी मुली गोळा करून पुण्याकडे घेऊन गेली, आणि केडगावास त्यांचा संसार उभा राहिला. त्या मुलींपैकी कोणास तिच्या पदव्यांशी काय करावयाचे होते?

आता आपल्या घरचे उदाहरण. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून आपण त्यांचे नाव घेतो, फेब्रुवारीत त्यांचा सण पाळतो, आणि क्रूसावरचे चित्र पाहून समजतो की, हे जन्मतःच तसे होते. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई येथलीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशी शिकून ते मिसरूड फुटण्याच्या वयात जपानास गेले आणि तेथे वर्षानुवर्षे प्रश्नोत्तरी शिकविणारे सहायक म्हणून राबले. जपानी भाषा त्यांस उत्तम येऊ लागली. संघात आपणांस घ्यावे ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा त्यांनी जपान सोडले आणि व्यापार धरला, आणि व्यापारात त्यांची भरभराट झाली.

श्रोतेहो, या ठिकाणी आम्ही पुष्कळदा थांबतो. चरित्रकार पुढे लगेच मनिला, फ्रान्सिस्कन संघ व हौतात्म्य यांकडे वळतात. पण जो तरुण आठ वर्षे सेवा करून दारातून परत फिरला त्याच्या मनात काय असेल? त्याच्या अंतःकरणाची नोंद कोठे नाही, म्हणून आम्ही तर्कच करतो, आणि तर्क आपल्या स्वतःच्या मनावरूनच केला जातो. आम्ही असतो तर म्हटले असते: ठीक आहे, माझी किंमत तुम्हांस कळली नाही, आता बाजारास कळू द्या. आणि अशा मनुष्यास कोणी दोष दिला नसता, कारण त्याची बाजू खरी होती. व्यापार सोडणे त्या मानाने सोपे असावे. पैसा सोडलेली पुष्कळ माणसे आम्ही पाहिली आहेत. आपल्यावर झालेला अन्याय सोडणे, आणि तो खरोखरच झालेला असताना सोडणे, हे आम्ही फारसे पाहिलेले नाही. गोन्सालो मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपद नाही, मान नाही, दुभाषाचे काम. ज्या देशातून निघाले त्याच देशात १५९३ साली दुसऱ्याचे शब्द बोलून दाखविण्यासाठी परतले. जपानच्या सत्ताधीशासमोर उभे राहिले ते आपल्या वरिष्ठांची जीभ म्हणून. १५९७ सालच्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांबरोबर ते क्रूसावर गेले. १८६२ साली त्यांस संतपद मिळाले. आमच्या समजुतीप्रमाणे क्रूस त्यांनी मनिलातच उचलला होता. नागासाकीस लोकांनी तो पाहिला, एवढेच.

हे सर्व एकदम होत नाही, हे सांगावयास आपल्याला दूर जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सकडील आनेसीहून जे मिशनरी नागपुरास आले, आणि ज्यांच्या श्रमांतून पुढे नागपूर व १९५५ साली आपला अमरावती धर्मप्रांत निघाला, ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे. या संताची सौम्यता आज दाखल्यास देतात. पण मूळ स्वभाव तापट. तो जिंकावयास वीस वर्षे लागली असे सांगतात. आत्म्याचा आजार हळूहळूच बरा होतो, आणि हळूहळू झालेला गुण टिकतो, अशीच त्यांची शिकवण होती. वीस वर्षे म्हणजे आपल्या या मंदिराच्या वयाचा निम्म्याला थोडा कमी भाग. आपण मात्र पवित्र सप्ताहात एकदा पापनिवेदनास जाऊन दहा मिनिटांत मोकळे होऊ पाहतो.

आता आपल्या धर्मग्रामाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, आणि ते आम्ही लवकर आटोपतो, कारण जेवणाची वेळ होत आली आहे आणि शिवाय बोलणाऱ्याचे पायही मातीचेच आहेत. आपले पूर्वज वेगवेगळ्या वस्त्यांतून येथे आले. एका वेदीसमोर गुडघे टेकून एका पात्रातून जे मिळते ते घेतात. मुलामुलींच्या सोयरिकीची गोष्ट निघाली म्हणजे मात्र मिस्सेनंतर पिंपळाखाली पहिला प्रश्न काय येतो? मुलगा काय शिकला हा नव्हे, पीत नाही ना हाही नव्हे. "ते मूळचे कोणाकडले?" हा प्रश्न आम्ही ऐकला आहे आणि आम्ही विचारलाही आहे. लक्ष्मीबाईंची घागर फुटून शंभरावर वर्षे झाली. आपण ती आपल्या घरी दडवून ठेवली आहे. तसेच दारातील संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे कोणत्या क्रमाने कोरावी या एका विषयावर महोत्सव समितीच्या दोन बैठका मध्यरात्रीपर्यंत चालल्या. आम्ही त्या समितीत होतो. आपले नाव सातव्या ओळीवर का, असे आम्ही प्रत्यक्ष विचारले नाही. परंतु मनात विचारले, आणि दोनदा विचारले.

आता जे सांगावयाचे ते सांगतो, म्हणजे आज्ञा पुरी होईल.

आमच्या वडिलांनी आम्हां दोघां भावांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी करविला. ते वारल्यावर शेताची वाटणी झाली. आमच्या आणि धाकट्या बंधूंच्या वाटणीमध्ये एक धुरा पडला, त्यावर एक बाभूळ. काही वर्षांनी आमच्या असे ध्यानात आले की, बंधू दरसाल पेरताना धुरा थोडा थोडा आमच्याकडे सारीत आहेत. दोन तासांची जमीन. त्याहून अधिक नाही. आम्ही बोललो, ते बोलले, दोघांच्या घरची मंडळी बोलली. शेवटी आम्ही सरकारी मोजणी आणविली. मोजणीत आमचेच खरे ठरले. धुरा मागे सरला, आमची दोन तासे आम्हांस मिळाली, आणि त्या दिवसापासून नऊ वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या नऊ वर्षांत आम्ही दर रविवारी मिस्सेस येत होतो, ते आपण पाहिलेच आहे. आम्ही उजव्या हाताच्या बाकांवर, ते डाव्या. शांतीची खूण देण्याची वेळ आली की आम्ही मागे वळत असू, ते पुढे. आई गेली तेव्हा थडग्याच्या एका बाजूने आम्ही माती लोटली, दुसऱ्या बाजूने त्यांनी. प्रत्येक प्रायश्चित्तकाळात आम्ही पापनिवेदनास गेलो. राग सांगितला, आळस सांगितला, शाळेतील मुलांस विनाकारण मारले तेही सांगितले. धुरा कधी सांगितला नाही. लपविला म्हणावे तर तसेही नाही; ते पाप आहे असे आम्हांस खरोखर वाटलेच नाही. खोटे आम्ही बोललो नव्हतो, दुसऱ्याचे घेतले नव्हते, मोजणी आमच्या बाजूची होती. ज्या एका गोष्टीत आमचे काहीच चुकत नव्हते ती ही.

पुढे कन्येचे लग्न ठरले आणि आमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला कोणत्याशा कारणाने पाहावा लागला. घरात पत्र्याची एक जुनी पेटी आहे, तीत महत्त्वाचे कागद असतात. पेटी उघडली. मोजणीचा कागद वर होता. आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग पांढऱ्या धडप्यात गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेला, अगदी कोरा करकरीत. बाप्तिस्म्याचा दाखला तळाशी होता. त्यास वाळवी लागली होती. हातात घेतला तो तुकडे पडले. नावाची एक वेलांटी आणि शिक्क्याचा अर्धा गोल, एवढेच वाचता आले.

आमच्या घरच्या मंडळी शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी केरसुणी आणून तुकडे गोळा केले.

नवा उतारा घेण्यासाठी आम्ही फादरांकडे आलो. त्यांनी जुनी नोंदवही काढून पान उघडले. आमचे नाव होते, आणि त्याच्याच खालच्या ओळीत, त्याच तारखेस, त्याच शाईने, बंधूंचे. धर्मपिता एकच. फादर उतारा लिहीत होते तोवर आम्ही त्या दोन ओळींकडे पाहत बसलो. त्यांस काही सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

त्यानंतर एका महिन्याने आम्ही बंधूंच्या घरी गेलो. एक महिना का लागला, असे कोणी विचारील. चार वेळा निघून नाल्यावरून परत फिरलो, हे उत्तर आहे. ते घरी नव्हते, कापसाची गाडी घेऊन जिनात गेले होते. भावजयीने खाट टाकली, पाणी दिले. आम्ही पाणी प्यालो आणि बसून राहिलो. दिवेलागणीस बंधू आले. आम्हांस पाहून उंबऱ्यात थांबले, मग हातपाय धुऊन समोर बसले आणि यंदा भाव काय मिळाला ते सांगू लागले. आम्हीही आमच्या कापसाचे सांगितले. धुऱ्याचे नाव कोणी काढले नाही. निघताना ते नाल्यापर्यंत कंदील घेऊन आले.

येथे ही कथा संपविली असती तर ती ऐकावयास गोड झाली असती, आणि आम्हांसही मान मिळाला असता. परंतु फादरांनी आतले सांगावयास सांगितले आहे. यंदाच्या मृगात पेरणी झाल्यावर आम्ही शेतात गेलो. बाभळीजवळ बंधूंची तिफण एक तास आमच्या बाजूस आलेली दिसली. बैल बुजले असतील, अथवा नसतील. आम्ही पाहिले आणि कोणास काही न बोलता घरी आलो. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. मन पेटीतला कागद बाहेर काढीत होते, सुतळी सोडीत होते, आकडे वाचीत होते, आणि त्या वाचण्यात, ख्रिस्तासमोर खरे सांगतो, एक प्रकारचे सुख होते. नऊ वर्षांचे ओळखीचे सुख. कुंदा हातभर खोल असतो म्हणतात. आमचा किती खोल आहे ते आम्हांस अजून कळलेले नाही. पहाटे उठून मिस्सेस आलो आणि त्या दिवशी प्रथमच धुरा पापनिवेदनात सांगितला.

तो कागद पेटीतच आहे. फाडावयास दोन वेळा काढला आणि परत गुंडाळून ठेवला. आमचे बंधू या मंडपात मागच्या रांगेत, खांबाजवळ बसले आहेत, आणि हे सर्व ते आज प्रथमच ऐकत आहेत. जेवणाची पंगत उठली म्हणजे ते आमच्याबरोबर घरी येतील तर पेटी त्यांच्यासमोर उघडावी असा आमचा विचार आहे. येतील की नाही ते पाहू.